काळ्या मातीवर डांबरीकरण: सोलापुरातली घरासमोरची वाट आणि पार्किंग

सोलापुरात घरासमोरचं किंवा सोसायटीच्या पार्किंगचं डांबर फुटलं की पहिला संशय ठेकेदाराच्या डांबरावर जातो. कधी तो खरा असतो. पण मिक्स (डांबर-खडीचं मिश्रण) चांगलं, जाडी पुरेशी, रोलर नीट फिरलेला, आणि तरीही दुसऱ्या उन्हाळ्यात कडेपासून फूट-दीड फूट आत लांबच लांब भेग पडते, सप्टेंबरचा पाऊस झाला की मधे उंचवटा येतो, असं दिसलं तर दोष खालच्या काळ्या मातीकडे शोधावा. या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं चिकणखनिज असतं. ते पाणी थरांमध्ये ओढून घेतं आणि फुगतं, पाणी गेलं की आक्रसतं. मार्च-एप्रिलमध्ये मोकळ्या प्लॉटात हाताचा पंजा आत जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या याच आक्रसण्याच्या. वर ९० मिमी डांबर टाका नाहीतर १५० मिमी, एवढी हालचाल ते पेलू शकत नाही. म्हणून या लेखात डांबराइतकीच जागा खालच्या मुरुमाला, कडांना आणि पाण्याच्या वाटांना दिली आहे.

आधी खड्डे घ्या

काम ठरवण्यापूर्वी जागेवर किमान तीन चाचणी खड्डे घ्या: एक गेटजवळ, एक मध्यभागी, एक सगळ्यात सखल कोपऱ्यात. प्रत्येक दीड मीटर खोल, किंवा मुरूम लागेपर्यंत. सोलापूरच्या परिसरात खाली बेसाल्ट आणि त्याचा मुरूम असतो, पण तो किती खाली लागेल हे एका कॉलनीतही बदलतं. माळरानाच्या बाजूला फूटभरात लागतो. ओढ्यानाल्याच्या कडेला माणूसभर खणलं तरी काळीच माती निघते. आधीच्या बिल्डरने खड्डा बुजवून वर मुरूम पसरलेला असेल, तर तो भराव आहे की मूळ थर हेही खड्ड्याच्या भिंतीवरून कळतं. भरावात विटांचे तुकडे, प्लास्टिक, प्लास्टरचा चुरा दिसतो.

काळी माती ६० सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर ती सगळी काढून टाका. याच्याइतका सत्कारणी लागणारा पैसा या कामात दुसरा नाही. ६० सेंटिमीटर ते दीड मीटर असेल तर वरचा भाग काढून मुरुमाचा जाड थर द्यावा लागतो. दीड मीटरच्याही खाली काळीच माती असेल आणि पाणी बाहेर काढायला उतारही नसेल, तर घरगुती वाटेसाठी डांबराचा हट्ट धरू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. तिथे पेव्हर ब्लॉक बसवा. माती हलली की ब्लॉक काढून खालचा कच (दगडाची बारीक चुरी) सारखा करून तेच पुन्हा बसवता येतात. डांबराला ती सोय नाही.

माती किती फुगणारी आहे हे घरी तपासता येतं. आयएस २७२० या माती-तपासणीच्या भारतीय मानकाच्या भाग ४० मधली ही चाचणी आहे. माती वाळवून, कुटून ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून चाळा. दहा-दहा ग्रॅमचे दोन भाग करा. १०० मिलिलिटरच्या दोन मोजनळ्या घ्या. एकीत पाणी, दुसरीत रॉकेल. माती हळूहळू सोडा, काडीने ढवळून हवेचे बुडबुडे काढा आणि २४ तास न हलवता ठेवा. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. समजा पाण्यात तळाची माती २२ मिलिलिटरपर्यंत आली आणि रॉकेलमध्ये १२, तर फरक १०, भागिले १२, म्हणजे ८३ टक्के. पन्नास टक्क्यांच्या वरची माती अतिफुगीर धरतात आणि ती रस्त्याच्या भरावात वापरूच नये, असा सरकारी रस्ते-मानकांचा नियम आहे. ३५ ते ५० म्हणजेही जास्तच. विकत आणलेल्या मुरुमाचीही हीच चाचणी करा, कारण मुरूम म्हणून आलेल्या टिपरमध्ये पिवळसर चिकणमाती निघणं नवीन नाही.

ट्रकची पार्किंग किंवा कारखान्याचं आवार असेल तर एवढ्यावर भागवू नका. अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या किंवा खासगी प्रयोगशाळेत भिजवून केलेली सीबीआर चाचणी (जमिनीची भार पेलण्याची ताकद टक्क्यांत), द्रव आणि प्लास्टिक मर्यादा (माती किती ओलीवर वाहू लागते आणि किती ओलीवर मळता येते) आणि प्रॉक्टर घनता (दाबून मिळणारी जास्तीत जास्त घनता आणि ती देणारी ओल) काढून घ्या. भिजलेल्या काळ्या मातीचा सीबीआर साधारण २ ते ३ टक्के येतो. एवढ्या कमजोर जमिनीवर अवजड वाहनांची जाडी अंदाजाने ठरवता येत नाही, ती आयआरसी ३७ (इंडियन रोड्स काँग्रेसची डांबरी रस्त्यांची मार्गदर्शिका) प्रमाणे अभियंत्याकडून काढून घ्यावी.

पाणी कुठून येतं आणि कुठे जातं

काळी माती कायम ओली राहिली तरी त्रास कमी, कायम कोरडी राहिली तरी कमी. त्रास आलटून-पालटून होण्याचा आहे. डांबराखालच्या मधल्या भागातला ओलावा वर्षभर फारसा बदलत नाही, कारण वर झाकण असतं. कडेचा मीटरभर पट्टा मात्र पावसाळ्यात भिजतो आणि उन्हाळ्यात खोलवर वाळतो. मधला भाग जागेवर, कड खाली-वर, त्यामुळे दोहोंच्या सीमेवर डांबर फाटतं. कडेला समांतर जाणारी ती भेग इथून जन्म घेते.

आपल्याकडे याला आणखी एक कारण आहे. सोलापुरात नळाला पाणी काही दिवसांआड येतं, म्हणून जवळपास प्रत्येक घराला जमिनीखालची टाकी असते, आणि ती बहुधा गेटच्या आत, गाडीच्या वाटेखालीच. पाणी सुटलं की टाकी भरून वाहते. तासभर वाहिलेलं पाणी टाकीच्या भिंतीलगतच्या मातीत मुरतं, आणि पुढचे काही दिवस ती जागा वाळत जाते. पावसाळ्याची वाट न बघता आठवड्यातून एकदा भिजणं-वाळणं इथे चालू राहतं. त्यातून टाकीची भिंत जागेवर स्थिर आणि शेजारची माती हलती. त्यामुळे टाकीच्या चौकटीलगत डांबर चौकोनी फाटतं.

यावर उपाय असा. टाकीला फ्लोट व्हॉल्व्ह बसवा आणि ओव्हरफ्लोचा पाइप थेट गटारात सोडा. टाकीच्या आतून वॉटरप्रूफिंग झालंय का, हे डांबराआधी तपासा: टाकी भरून, नळ बंद करून, झाकून, २४ तासांत पातळी किती उतरते ते खडूने खूण करून बघा. टाकीच्या कडेने ३०० ते ४५० मिमी रुंदीची पेव्हर ब्लॉकची पट्टी ठेवा, डांबर भिंतीला चिकटवू नका. घराच्या जोत्यालगत आणि गेटच्या बीमलगतही अशीच पट्टी चांगली.

छताचे पन्हाळी पाइप, वॉशिंग मशीनचं पाणी, आरओचं वाया जाणारं पाणी, एसीचा थेंबथेंब पाइप, शोषखड्डा या सगळ्यांचं पाणी वाटेच्या कडेला पडत असेल तर आधी त्याची सोय लावा. बागेच्या बाजूला, जिथे रोज पाणी घातलं जातं, तिथे उभा ओलावा-अडथळा देता येतो: वाटेच्या कडेला एक मीटर खोल आणि १५० ते २०० मिमी रुंद चर, त्यात किमान ५०० मायक्रॉनची पॉलिथिन किंवा एचडीपीई शीट उभी, आणि चर मुरुमाने ठोकून भरायचा. हे काम मोठ्या पार्किंगच्या चारही कडांना करता आलं तर उत्तम.

झाडांचा मुद्दा नाजूक आहे. कडुनिंब, गुलमोहर, रेन ट्री ही झाडं उन्हाळ्यात मातीतलं पाणी खोलवरून ओढतात आणि आपल्या बाजूची जमीन खाली बसवतात. झाडाच्या उंचीइतकं अंतर हा सुरक्षित नियम, पण शहरातल्या प्लॉटवर तो पाळणं अशक्य. सोलापूरच्या उन्हात सावली देणारं झाड तोडायला आम्ही कधीच सांगणार नाही. झाडाच्या बाजूला वर सांगितलेला उभा अडथळा द्या (मुख्य मुळं न कापता) आणि त्या बाजूचा दीड मीटर पट्टा ब्लॉकचा ठेवा.

पृष्ठभागाला ५० ला १, म्हणजे दर मीटरला २० मिमी ढाळ हवा. मोठ्या पार्किंगमध्ये पाणी १५ मीटरपेक्षा जास्त अंतर पृष्ठभागावरून वाहू देऊ नका, मधे जाळीचं गटार द्या. तयार वाट आजूबाजूच्या जमिनीपेक्षा ७५ ते १०० मिमी उंच ठेवा.

आणखी एक चूक मोठमोठ्या कामांतही दिसते. काळी माती परातीसारखी खणायची, तिच्यात पाणी झिरपणारी खडी भरायची आणि पाणी बाहेर जायला वाटच ठेवायची नाही. मग खडीच्या थरात पाणी साठतं आणि महिनोन्‌महिने खालची माती भिजवत राहतं. खडीचा थर देणार असाल तर सखल कोपऱ्यात १०० मिमीचा छिद्रांचा पीव्हीसी पाइप, भोवती खडी आणि जिओटेक्स्टाइलचं (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं कापड) वेष्टण, १०० ला १ ढाळाने गटारापर्यंत न्या. गटार थराच्या तळापेक्षा उंच असेल, म्हणजे पाणी जाऊच शकत नसेल, तर झिरपणारी खडी टाळा आणि चुना मिसळलेली माती व ठोकलेला चिकट मुरूम असे पाणी न घेणारे थर द्या.

कामाचा हंगाम

खोदाई आणि मातीची दबाई नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करा. तेव्हा जमिनीत मध्यम ओल असते. एप्रिल-मेमध्ये माती पूर्ण सुकून भेगाळलेली असताना तिच्यावर थर चढवले, तर ती आयुष्यातल्या सगळ्यात आक्रसलेल्या अवस्थेत बंद होते. पुढे कुठूनही पाणी मिळालं की तिला फक्त फुगणंच उरतं. ओल्या ऑक्टोबरमध्ये रोलर चढवला तर तो रुततो. डांबराचं काम फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये. मेमध्येही होतं, पण ताजा पृष्ठभाग दुपारी फार मऊ राहतो.

खोदाई ते खडी

आधी पाण्याची लाइन, ड्रेनेज आणि विजेची केबल कुठून जाते ते शोधून चुन्याने आखा. वाटेच्या रुंदीपेक्षा दोन्ही बाजूंना ३०० मिमी जास्त खणा, म्हणजे चाक कडेवर आलं तरी खालचा आधार पुढपर्यंत असेल. साध्या चारचाकीच्या वाटेसाठी, खोल काळ्या मातीवर, वापरून पक्का ठरलेला थरांचा क्रम असा: मुरूम ३०० मिमी, जीएसबी (खडीचा खालचा पायाथर) १५०, डब्ल्यूबीएम (पाणी मारून दाबलेली खडी) किंवा वेट मिक्स (प्लांटमध्ये ओल घालून मिसळलेली खडी) १५०, डीबीएम (डांबराचा खालचा थर) ५० आणि वर बीसी (डांबराचा वरचा दाट थर) ४०. एकूण ६९० मिमी. ६०० मिमी खणलं की पृष्ठभाग जमिनीपेक्षा ९० मिमी वर येतो. पाण्याच्या टँकरची नियमित ये-जा असेल तर मुरूम ४५० मिमी करा. ट्रकसाठी मुरूम ५०० ते ६००, वर २०० जीएसबी, २५० वेट मिक्स इथून विचार सुरू होतो.

खोदलेल्या तळाची काळी माती १५० मिमीपर्यंत उकरा, पाणी मारून ओल सारखी करा आणि दाबा. ओल ओळखायची हाताने: मुठीत दाबून गोळा व्हावा, तळहाताला चिकटू नये, आणि दीड मीटरवरून पडला तर दोन-चार मोठ्या तुकड्यांत फुटावा, भुगा होऊ नये. इथे नेहमीचा समज उलटा चालतो. काळी माती कोरडी असताना जोर लावून दगडासारखी ठोकली, तर ती पुढे जास्त फुगते. प्रॉक्टरमध्ये येणाऱ्या ओलीपेक्षा किंचित जास्त ओलीवर, ९५ टक्के घनतेपर्यंत दाबणं तिच्यासाठी योग्य. तळालाही वरच्यासारखाच ढाळ द्या. तळ सपाट किंवा खळगेदार राहिला तर पाणी तिथेच थांबतं.

तळ तयार झाला की त्यावर न विणलेलं, २०० जीएसएमचं (चौरस मीटरला २०० ग्रॅम) जिओटेक्स्टाइल अंथरा, जोडावर ३०० मिमी चढवून. हे नसेल तर ओली काळी माती वाहनाच्या दाबाने वरच्या थरात घुसते आणि काही वर्षांत मुरुमाचा खालचा भाग पुन्हा चिखलच होतो. कापड परवडत नसेल तर क्रशरच्या कचाचा ७५ मिमी थर हा जुना उपाय आहे, पण तो त्याच्यापेक्षा कमी प्रतीचा.

आता मुरूम. या थरासाठी फुगारा नसलेला, पण थोडा चिकटपणा असलेला मुरूम लागतो. दाबल्यावर तो एकसंध बसला पाहिजे; नुसता भुसभुशीत, वाळूसारखा मुरूम पाणी खाली सोडतो. आठ-दहा टनी कंपन रोलर असेल तर तयार १५० मिमीचा एक थर, बेबी रोलर किंवा प्लेट कॉम्पॅक्टर असेल तर ७५ ते १०० मिमीच. एका दमात फूटभर मुरूम ओतून वरून रोलर फिरवणं ही या शहरातली सर्रास पद्धत आहे. त्यात वरचे चार इंच घट्ट आणि खालचे आठ इंच पोकळ राहतात. प्रत्येक थराला पाणी, प्रत्येक थराला दबाई, असंच करा. सगळा मुरूम बसला की भरलेला टिपर त्यावरून सावकाश चालवा. चाकाखाली जमीन लवचिक हलताना दिसली किंवा चाकोरी २० मिमीपेक्षा जास्त खोल उमटली, तर तेवढा भाग उकरून पुन्हा भरा. ही चाचणी फुकट आहे आणि तिच्यापासून काही लपत नाही.

जीएसबीत बारीक माती जास्त नको. ७५ मायक्रॉनखालचा भाग १० टक्क्यांच्या आत हवा, शक्यतो पाचच्या आसपास. डब्ल्यूबीएम प्रत्येकी ७५ मिमीच्या दोन थरांत करा: खडी पसरून कोरडा रोलर, मग कच, मग पाणी मारून झाडूने कच फटींत घालणं, शेवटी थोडा बांधणारा मुरूम. मुरूम आधीच ओतला तर खडी एकमेकांत अडकत नाही. मोठ्या जागेवर प्लांटचं वेट मिक्स सरस, कारण त्यात ओल आणि प्रतवारी प्लांटवरच ठरलेली असते.

चुन्याचा पर्याय

मुरूम दुरून आणावा लागत असेल किंवा खोदलेली माती टाकायला जागा नसेल, तर तळाच्या २०० मिमी काळ्या मातीतच चुना मिसळता येतो. प्रमाण मातीच्या कोरड्या वजनाच्या ३ ते ६ टक्के. ४६ चौरस मीटर जागा, २०० मिमी थर आणि घनमीटरला दीड टन धरलं तर माती १३.८ टन, ४ टक्क्यांनी चुना ५५० किलो, म्हणजे २५ किलोच्या २२ गोण्या. विरलेल्या चुन्याची, गोणीबंद पावडर घ्या. कळीचा चुना जागेवर विरवणं धोक्याचं: उष्णता प्रचंड, आणि डोळ्यात उडाला तर दृष्टी जाऊ शकते. गॉगल, हातमोजे आणि तोंडाला मास्क पावडरसाठीही हवेतच.

ढेकळं फोडा, चुना पसरा, ट्रॅक्टरच्या रोटाव्हेटरने मिसळा, पाणी मारा आणि हलकं दाबून २४ तास मुरू द्या. दुसऱ्या दिवशी हात लावला तर माती चिकट राहिलेली नसते, कण्या-कण्यांची झालेली असते. पुन्हा रोटाव्हेटर, पुन्हा पाणी, मग पक्की दबाई. सात दिवस ओलं ठेवा. एनटीपीसीच्या प्रकल्पाची राखही काही जण सुचवतात. ती चुन्यासोबत चांगलं काम करते, पण एकटी राख माती बांधत नाही, चुना लागतोच.

जमिनीवर पांढरे क्षार फुलत असतील तर आधी सल्फेटची तपासणी करा. सल्फेट जास्त असलेल्या मातीत चुना टाकला तर नवीन स्फटिक तयार होऊन ती आणखी फुगते.

डांबर

खडीच्या थरावरची धूळ झाडून, हवेने उडवून काढा. मग प्रायमर: एसएस-१ इमल्शन (पाण्यात मिसळलेलं पातळ डांबर), चौरस मीटरला ०.७ ते १ किलो. २४ तास मुरू द्या. जागोजागी डबकी साचली असतील तर त्यांवर कच टाकून ती टिपून घ्या. डीबीएम टाकण्यापूर्वी आणि दोन डांबरी थरांमध्ये आरएस-१ इमल्शनचा टॅक कोट (थर एकमेकांना चिकटवणारा पातळ हात), चौरस मीटरला ०.२ ते ०.३ किलो. इमल्शन तपकिरी असतं, फुटलं (त्यातलं पाणी वेगळं झालं) की काळं होतं. काळं झाल्यावरच मिक्स पसरायचं.

डांबराची प्रत ठरवायला आयएस ७३ या डांबराच्या भारतीय मानकात सरळ तक्ता आहे (व्हीजीपुढचा आकडा मोठा तितकं डांबर घट्ट): सात दिवसांचं सरासरी कमाल तापमान ३८ ते ४५ अंश असेल तिथे व्हीजी-३०, त्याच्या वर व्हीजी-४०. सोलापूरच्या घरगुती कामाला व्हीजी-३० पुरतं. उभ्या ट्रकच्या जागेला व्हीजी-४० मागा.

कार्पेट (डांबर-खडीचा पातळ थर) आणि सीलकोट (त्याच्या फटी बंद करणारा वरचा हात) ही इथली लोकप्रिय जोडी स्वस्त आहे, पण २० मिमीचं कार्पेट उघड्या पोताचं असतं, पाणी सरळ खाली जाऊ देतं. काळ्या मातीवर आम्ही ४० मिमीचं दाट बीसीच सुचवतो. कार्पेटच करायचं असेल तर सीलकोट कधीही पुढे ढकलू नका. १० चौरस मीटरला सुमारे ७ किलो डांबर आणि ०.०६ घनमीटर बारीक कच, त्याच आठवड्यात.

मिक्स गाडीतून उतरताना थर्मामीटर खुपसून तापमान घ्या. व्हीजी-३० साठी पसरताना १४० अंशांच्या खाली नको, आणि ९० अंशांच्या खाली गेल्यावर रोलर फिरवून काही साधत नाही. थर्मामीटर नसेल तर नजरेने: निळसर धूर निघतोय म्हणजे मिक्स करपलेलं, गाडीत ढीग न राहता सपाट पसरलंय आणि तेलासारखं चमकतंय म्हणजे डांबर जास्त, वर कडक साय आणि खडी करडी दिसतेय म्हणजे थंड किंवा डांबर कमी. अशी गाडी परत पाठवा. ताडपत्री न टाकता आलेली गाडीही संशयास्पदच.

पसरताना जाडी तयार जाडीपेक्षा सुमारे २५ टक्के जास्त ठेवा: ४० साठी ५०. रोलर सखल कडेपासून उंच बाजूकडे, प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर अर्धं चाक चढवून, ताशी ५ किलोमीटरच्या आत. चाकाला मिक्स चिकटू नये म्हणून पाणी लावा, डिझेल नव्हे, कारण डिझेल डांबर विरघळवतं. ४० मिमीच्या थराला दबाईसाठी हातात दहा-पंधरा मिनिटंच असतात, म्हणून रोलर गाडी येण्याआधी सुरू करून उभा हवा.

४ मीटर रुंद आणि १० मीटर लांब वाटेचा हिशेब असा. खोदाईची रुंदी ४.६ मीटर, क्षेत्र ४६ चौरस मीटर, माती २७.६ घनमीटर, सुटी झाल्यावर १२ ते १३ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर) उचलावी लागेल. मुरूम सव्वासहा ब्रास, जीएसबी सव्वातीन ब्रास, डब्ल्यूबीएमची खडी ३ ब्रास आणि अर्धा-पाऊण ब्रास कच व मुरूम. प्रायमर ३६ किलो, टॅक कोट दोन वेळचा मिळून २० किलो. डीबीएम ४.६ टन, बीसी ३.८ टन. टिपरमध्ये किती ब्रास आहे हे हौदा मोजून घ्या, चालकाच्या शब्दावर नको. एवढ्या थोड्या मिक्ससाठी हॉटमिक्स प्लांट सहसा वेगळी भट्टी लावत नाही. कॉलनीतल्या चार घरांनी एकत्र मागणी केली, किंवा जवळ रस्त्याचं काम चालू असताना गाठ घातली, तर ताजं मिक्स मिळतं.

ताज्या डांबरावर पहिले २४ तास वाहन नको. उन्हाळ्यात दोन-तीन दिवस थांबा, आणि पहिला महिना गाडी जागेवर उभी असताना स्टीअरिंग फिरवू नका. दुचाकीचे स्टँड मे महिन्यात जुन्या डांबरातही रुततात, म्हणून दुचाकींच्या रांगेला काँक्रीटची फूटभर पट्टी द्या. जिथे गाड्यांचं ऑइल गळतं ती जागा आणि ट्रेलरच्या पायांची जागा सरळ काँक्रीटची करा.

दुरुस्ती

आधी भेग वाचा. कडेला समांतर एकच लांब भेग: कडेची माती वाळते आहे. जाळीसारख्या बारीक भेगा, दाबल्यावर हलणारे तुकडे: खालचा थर ओला आणि कमजोर झाला आहे, वर नवा थर टाकला तरी त्याच जाळीने तो पुन्हा फुटणार. उंचवटा: कुठून तरी पाणी मुरतं आहे. नुसती खडी सुटते आहे: डांबर कमी किंवा थंड दबाई, याचा मातीशी संबंध नाही, सीलकोटने भागतं.

भेगा भरण्याची योग्य वेळ फेब्रुवारी-मार्च. ऑक्टोबरमध्ये त्या मिटलेल्या असतात, तेव्हा भरल्या तर उन्हाळ्यात भरण फाटतं. मेअखेरीस पूर्ण उघड्या असताना भरल्या तर पावसाळ्यात माती फुगून भरण वर ढकललं जातं. मधल्या रुंदीवर भरलं की दोन्हीकडची हालचाल ते सोसतं.

३ मिमीपर्यंतच्या भेगांवर इमल्शन आणि बारीक कचाची स्लरी रबरी पट्टीने ओढा. ६ ते २० मिमीच्या भेगा तारेच्या ब्रशने आणि कॉम्प्रेसरच्या हवेने साफ करा, गवताची मुळं काढा आणि गरम रबरयुक्त सीलंट ओता. यात एक गोष्ट हमखास चुकते. काळ्या मातीवरची भेग डांबरात संपत नाही, ती खाली मातीतही उतरलेली असते, आणि ओतलेलं सगळं सीलंट खाली गडप होतं. आधी कोरडी वाळू किंवा कच भरून भेग पृष्ठभागाखाली २५ मिमीपर्यंत आणा, मग सीलंट, तेही पृष्ठभागापेक्षा ३ मिमी खाली थांबवा. वर चिमूटभर कच भुरभुरला की टायरला चिकटत नाही. त्याच वेळी कडेची साइडपट्टी मुरुमाने ६०० मिमी रुंद, २५ ला १ ढाळाने दाबून घ्या. तसं केलं नाही तर शेजारी दुसरी भेग येते.

खड्डा भरायचा तर भोवतालचं पक्कं डांबर लागेपर्यंत चौकोन कापा, कडा उभ्या ठेवा. तळ बघा. तिथे ओली काळी माती दिसली तर आणखी ३०० मिमी खणून मुरूम आणि खडी थराथराने ठोका. कोरडं करून तळाला आणि चारही भिंतींना टॅक कोट लावा. मिक्स ५० मिमीपेक्षा जाड थरात नको, दबाई कडेकडून मध्याकडे, आणि शेवटी भोवतालपेक्षा ५ मिमी उंच सोडा. ६० सेंटिमीटर चौकोनी आणि ७ सेंटिमीटर खोल खड्ड्याला सुमारे ६० किलो हॉटमिक्स लागतं. पावसाळ्यात कोल्ड मिक्सच्या २५ किलोच्या दोन-अडीच गोण्यांनी काम भागतं, मात्र खड्ड्यातलं पाणी आधी काढूनच. फेब्रुवारीत तो भाग पुन्हा कापून हॉटमिक्सने भरा.

उंचवटा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये खरवडू नका. माती वाळली की तो खाली बसतो आणि खरवडलेल्या जागी खळगा होतो. पाण्याचा उगम आधी शोधा: टाकीची पातळी, नळजोडणीचा सांधा, ड्रेनेजचा चेंबर, बोअरवेलच्या पाइपचं टोक, शेजारच्या बागेचा पाट. गळती बंद झाल्यावर एक पूर्ण उन्हाळा जाऊ द्या. त्यानंतरही फरक २० मिमीपेक्षा जास्त राहिला तरच तेवढा भाग कापून, खालची माती बदलून नव्याने थर द्या. त्याहून कमी असेल तर टॅक कोट मारून बारीक मिक्सने पातळी सारखी करून घेतली की पुरतं.